लाभ देणारा जमा

मराठी समीक्षकांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. त्यांनी कथेवर लिहिलं, कादंबरीवर लिहिलं, आठ ओळींच्या कवितेवर ऐंशी पानं लिहिली. पण अर्ज या वाङ्मयप्रकाराकडं कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. वास्तविक माणूस आयुष्यात कविता एखादीच करतो आणि तीही लग्नाआधी. अर्ज मात्र बालवाडीपासून पेन्शनपर्यंत करत राहतो. मेल्यावर दाखल्यासाठीसुद्धा अर्ज लागतोच. तो दुसऱ्यानं करायचा असतो, एवढीच काय ती सवलत.

मी पडलो बी.कॉम.; समीक्षेशी आमचा संबंध परीक्षेपुरता. पण नवी पेठेतल्या आमच्या शाखेत गेली वीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज वाचत बसलोय. नवी पेठ हे नाव ऐकून परगावचा माणूस काहीतरी नवं बघायला म्हणून येतो आणि गाडी लावायला जागा शोधता शोधता स्वतःच जुना होतो. अशा ठिकाणी वीस वर्षं बसणं म्हणजे काय, ते बसणारालाच ठाऊक. आता आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, खुर्ची तीच आहे.

तर या वीस वर्षांत माझ्या लक्षात आलं, की अर्जाचे मुख्य तीन प्रकार. पहिला रजेचा अर्ज. ही शोकांतिका. यात कुणीतरी आजारी पडतं किंवा एखादी आजी तिसऱ्यांदा वारते. दुसरा कर्जाचा अर्ज. ही अद्भुतरम्य कादंबरी. आपल्याला पैशाची अजिबात गरज नाही हे ज्याला पटवून देता येतं, त्याला पैसे मिळतात. तिसरा प्रकार मात्र परवापरवापर्यंत मी वाचला नव्हता. तो म्हणजे पुरस्कारासाठीचा अर्ज. हे आत्मचरित्र, पण 'मी' हा शब्द एकदाही न वापरता लिहिलेलं.

त्याचं असं झालं. आमच्या शाखेचे एक जुने खातेदार आहेत. टॉवेलचा कारखाना आहे, माल परदेशी जातो. त्यांना आम्ही सगळे 'मालक' म्हणतो. एके दिवशी मालक माझ्या खिडकीशी आले आणि त्यांनी एक जाड फाईल आत सरकवली.

"काय राव, तुम्ही लिहिता म्हणे?"

लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न 'तुम्ही पिता म्हणे?' अशा सुरातच विचारला जातो. मी कबुली दिली.

"मग हे जरा मराठीत नीट लिहून द्या. आमच्या मॅनेजरनं लिहिलंय, पण त्यात जान नाही. सीएसआरचा अवॉर्ड आहे."

फाईल बेचाळीस पानांची होती. मी ती घरी नेली आणि जेवणानंतर, लोक कादंबरी वाचतात तशी, लोडाला टेकून वाचायला घेतली.

ज्यांना हा सीएसआर काय प्रकार आहे ते माहीत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. सीएसआर म्हणजे कंपनीचं सामाजिक उत्तरदायित्व. 2013 च्या कंपनी कायद्यात 135 नंबरचं कलम आहे आणि ते 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी काहीही एक असेल, तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजाच्या कामासाठी खर्च करायची. आमचे मालक यांपैकी तिसऱ्या दारातून, तेही चौकटीला डोकं घासत, आत आलेले. सरासरी नफा सहा कोटी. त्याचे दोन टक्के म्हणजे बारा लाख.

आता पहिला प्रश्न माझ्या कारकुनी डोक्याला हा पडला, की जे कायद्यानंच द्यायचं आहे, ते दिल्याबद्दल पुरस्कार कसला? माझ्या पगारातून आयकर कापून जातो. त्याबद्दल मला आजवर कुणी साधं गुलाबाचं फूल दिलेलं नाही. शाखेत वेळेवर हप्ता भरणारे शेकडो कर्जदार आहेत. त्यांचा आम्ही सत्कार करत नाही. उलट हप्ता चुकवणाराच्या घरी मात्र साहेब स्वतः जाऊन चहा घेऊन येतात. 2021 च्या जानेवारीपासून तर नियम आणखी कडक झाले. पैसे खर्च झाले नाहीत, तर ते ठरलेल्या सरकारी निधीत नाहीतर वेगळ्या खात्यात मुदतीत भरावे लागतात. म्हणजे हे दान राहिलंच नाही, देणं झालं.

पण मी मालकांना तसं म्हटलं नाही. सरकारलाच पुरस्कार द्यावेसे वाटले, तिथं मी कोण? कंपनी व्यवहार मंत्रालयाचे पहिले राष्ट्रीय सीएसआर पुरस्कार 29 ऑक्टोबर 2019 रोजी दिल्लीत राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते दिले गेले. त्यांत आकांक्षित जिल्ह्यांतल्या कामासाठी वेगळा विभाग होता. आमच्या शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, हा त्या यादीतला जिल्हा. सोलापूर यादीत नाही. हे कळल्यावर मालक हळहळले. "थोडक्यात हुकलो बघा," ते म्हणाले. जिल्हा मागास नाही याचं दुःख झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मालकांचा अर्ज मात्र सरकारी पुरस्कारासाठी नव्हता, एका खाजगी संस्थेच्या पुरस्कारासाठी होता. असे पुरस्कार आता पुष्कळ झालेत. पहिल्याच पानावर प्रवेश शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. अंतिम फेरीत आलात, तर मुंबईच्या हॉटेलात जेवणाचं टेबल आपलं आपण विकत घ्यायचं. लग्नात आहेर आपणच आणायचा आणि ताटाचे पैसेही आपणच द्यायचे, असा एकूण थाट.

असो. आता कृतीची समीक्षा.

कथानक साधं आहे. शहराच्या पूर्वभागात एक वस्ती, वस्तीत एक शाळा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून खरं वाटणार नाही. मालकांनी त्या शाळेच्या आवारात, रस्त्याकडं तोंड करून, पाणी शुद्ध करायचा प्लांट बसवला. मोठी टाकी, चार नळ, बारा लाख रुपये. काम चांगलं, गरजेचं. एका वाक्यात सांगून होण्यासारखं.

पण अर्जाला एक वाक्य चालत नाही. 'प्रकल्पामागील दूरदृष्टी', शब्दमर्यादा 500. 'प्रकल्पाचे अभिनवत्व', शब्दमर्यादा 500. तहानलेल्याला पाणी द्यायचं यात अभिनव काय, हे पाचशे शब्दांत सांगायचं! बाराव्या शतकात आमच्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातांनी तळं खोदवलं, ते अजून गावाच्या मध्यभागी पाणी धरून आहे. त्यांना हा रकाना भरायला सांगितलं असतं, तर तळं राहिलं असतं आणि रकाना भरला गेला असता.

नायकाची रेखाटणी ठळक आहे. 'कंपनी' हा नायक. कंपनी ओळखते, कंपनी जाणते, कंपनी पुढाकार घेते, कंपनी कटिबद्ध असते. बेचाळीस पानांत कंपनी एकदाही झोपत नाही. 'सीएसआर समितीची रचना' असाही एक रकाना होता. पन्नास लाखांच्या आत देणं असेल तर कायदा समितीचा आग्रह धरत नाही, तिचं काम संचालक मंडळानं करायचं असतं, म्हणून मी मालकांना विचारलं, "समिती आहे?" ते म्हणाले, "आहे की. मी, आमची मंडळी आणि धाकटे बंधू. दिवाळीला बसतो."

दुय्यम पात्रं मात्र अगदीच पुसट. त्यांचं सामुदायिक नाव 'लाभार्थी'. त्यांना चेहरा नाही, आकडा आहे. आणि आकड्यांत मॅनेजरसाहेबांच्या प्रतिभेला जे धुमारे फुटले होते, त्याला तोड नाही. शाळेत मुलं 310. त्यांचे आईवडील 620. वस्तीत घरं 240, दर घरी माणसं पाच, म्हणजे 1200. एकूण प्रत्यक्ष लाभार्थी 2130. आता ही मुलं आणि हे आईवडील त्या 240 घरांतच राहतात ना? मग एकाच पोराला त्यांनी दोनदा पाणी पाजलं होतं. यापुढं 'अप्रत्यक्ष लाभार्थी' म्हणून सगळा प्रभागच धरलेला, 18,000. या हिशेबानं आमच्या शाखेतल्या पाण्याच्या कूलरचे लाभार्थी म्हणजे अख्खी नवी पेठ आणि कूलर बिघडल्यास शेजारचा रसवंतीवाला.

चित्रं रंगीत आहेत. पहिल्या चित्रात फीत, दुसऱ्यात कात्री, तिसऱ्यात कोनशिला. कोनशिला चार फूट बाय तीन फूट. चौथ्या चित्रात एक मुलगी पाणी पिते आहे आणि ग्लासाकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघते आहे.

एक गोष्ट मला अर्जात घालावीशी वाटली. कारखान्याच्या वॉचमनची मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि तिची फी चार वर्षं मालक भरतात, हे मला त्यांच्या चेकांवरूनच ठाऊक होतं. मी म्हटलं, "हे लिहू या." मालक दचकले. "छे छे, ते कशाला? आणि सीए म्हणतात, आपल्याच कामगारांसाठी केलेलं यात धरत नाहीत." ते खरंच आहे, नियम तसाच आहे. म्हणजे मालकांनी जे कुणी न सांगता केलं, ते अर्जात बसत नव्हतं आणि कायद्यानं सांगितल्यावर केलं, त्यासाठी बेचाळीस पानं होती.

हे सगळं वाचून मी फाईल मिटली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ती हातात घेतली. पाचएक मिनिटं चाळली आणि म्हणाल्या, "अहो, हे अगदी स्थळाच्या माहितीसारखं आहे."

"म्हणजे?"

"मुलगा काय शिकला, किती कमावतो, शेती किती, स्वभाव कसा मनमिळाऊ, सगळं आहे. मुलीला पसंत आहे का, ते कुठं विचारलंय?"

मी चाट पडलो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला हिशेबाचा सोन्याचा नियम शिकवला होता: लाभ घेणारा नावे, लाभ देणारा जमा. पुरस्काराचा सगळा अर्ज या नियमावर उभा आहे. देणाराच्या खात्यावर जमा, जमा आणि जमा. पण नियम तेवढ्यावर संपत नाही. आमच्या बँकेत कुणाच्या नावे रक्कम पडली, की त्याला शिल्लक कळवतात आणि त्याच्या सहीनं कबुली घेतात. बॅलन्स कन्फर्मेशन म्हणतात त्याला. इथं 2130 माणसांच्या नावे रक्कम टाकलेली आणि एकाचीही सही नाही! कोणताही ऑडिटर हे वाचून चष्मा काढील.

कायद्यात याची सोय आहे, पण ती मोठ्यांपुरती. ज्या कंपनीचं सीएसआरचं सरासरी देणं दहा कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिनं एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा लोकांवर काय परिणाम झाला, ते स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचं. बारा लाखवाल्याला कुणी विचारत नाही. तो आपला अर्ज लिहितो.

अर्जात शेवटी 'लाभार्थीचे मनोगत, 150 शब्द, छायाचित्रासह' असा एक रकाना होता. मॅनेजरनं मनोगत स्वतःच लिहिलं होतं. 'या प्रकल्पामुळे माझ्या जीवनात आमूलाग्र परिवर्तन घडून आले,' असं एक विडी कामगार बाई त्यात म्हणत होती. मी जन्मात एकाही बाईच्या तोंडून 'आमूलाग्र' ऐकलेलं नाही. म्हटलं, चला, एक दिवस रजा काढू आणि स्वतःच जाऊन विचारू. (रजेच्या अर्जात आजीच कामाला आली.)

वस्तीत पोचलो तर दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. त्यांतली एक ओळखीची निघाली. आमच्या शाखेत तिचं खातं आहे. घरात तेलुगू बोलतात, दारात मराठी. मी विचारलं, "मावशी, प्लांटचं पाणी कसं आहे?"

"पाणी ग्वाड हाय की, सायेब."

"मग परिवर्तन झालं म्हणायचं."

"ते काय म्हाईत न्हाई. पर कुलूप असतंय की."

"कुलूप?"

"शाळा अकराला उघडती, पाचला बंद. नळाचं दार तवाच उघडं. अकराला आमी तयार विड्या द्यायला कारखान्यात जातो, पानं-तंबाकू घिऊन येईपतोर दुपार. मग सैपाक, मग परत विड्या. सांजच्याला भांडं घिऊन जावं तर कुलूप. रैवारी तर दिसभर कुलूप."

"मग काय करता?"

"काय करतो? पोरास्नी बाटली देतो दप्तरात. येताना भरून आणत्यात. एक बाटली." मग जरा थांबून म्हणाली, "किल्ली कुणाकडं तरी ठिवली तर काय हुईल? मी ठिवते की. सकाळी सात ते नऊ उघडीन. मला काय पैसं नगं."

झालं. बारा लाखांचा प्लांट, 2130 लाभार्थी, 18,000 अप्रत्यक्ष लाभार्थी, आणि सगळं घोडं अडलं होतं एका किल्लीशी. हे मालकांना ठाऊक नव्हतं, मॅनेजरला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते जिच्या नावे रक्कम टाकली होती तिला, आणि तिला विचारायचा रकाना मॅनेजरनं स्वतःच भरून टाकला होता.

मी तिचं बोलणं होतं तसं मनोगताच्या रकान्यात उतरवलं. दीडशे शब्दसुद्धा झाले नाहीत. मालकांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ही तर तक्रार झाली!"

"कबुलीच आहे, मालक. पाणी गोड आहे असं पहिल्याच ओळीत आहे."

"पण परीक्षक काय म्हणतील? काढा ते. मग तुमचं म्हणणं काय, पुरस्कार नकोतच?"

मी म्हटलं, "तसं कुठं म्हणतोय? आपल्याच जिल्ह्यातलं सुर्डी गाव घ्या, बार्शी तालुक्यातलं. 2019 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कपात पहिलं आलं. गावानं उन्हाळ्यात माती उपसली, ती घनमीटरवर मोजली गेली. तिथं देणारा आणि घेणारा एकच होता, म्हणून हिशेब आपोआप जुळला. नाहीतर परितेवाडीच्या शाळेतले डिसले गुरुजी घ्या. 2020 साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तर अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकली. पुरस्कार वाईट नसतो. आणि आपले डॉक्टर कोटणीस. 1938 साली नाव दिलं ते चीनला जाण्यासाठी, जखमींची सेवा करायला. 1942 साली तिथंच गेले. गौरव मागं आला, ते पुढं होते."

मालक म्हणाले, "राव, मी टॉवेल विकतो. मला कोटणीस कशाला करता?" हे मात्र बिनतोड होतं. मी मुकाट्यानं मनोगत काढून टाकलं. 'आमूलाग्र' तेवढं मीही परत घातलं नाही, 'मोठा बदल' असं केलं. समीक्षकाला एवढंच हाती लागतं.

अर्ज गेला. मालकांनी टेबल घेतलं, मुंबईला जाऊन आले. उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. काचेच्या चौकटीत कारखान्याच्या ऑफिसात टांगलंय. मी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पेढा दिला, पण बाकी काही बोलले नाहीत.

आणि परवा ती बाई पैसे काढायला आली. गर्दीचा दिवस, मागं रांग. पासबुक सापडेना म्हणून तिनं कमरेची चंची काढून खिडकीतच रिकामी केली. सुपारी निघाली, सुई निघाली, आधार कार्डाची चौघडी निघाली आणि सुतळीत ओवलेली एक नवी कोरी किल्ली निघाली.

"ही कसली, मावशी?"

"पाण्याची." ती खाली वाकून हळूच म्हणाली, "मालक सोता आलते हेडमास्तरकडं. मला दिली. म्हणाले, सात ते नऊ उघड, सांजच्यालाबी उघड. पर कुणाला सांगू नकू म्हणाले."

"का?"

"सगळेच किल्ल्या मागाय लागतील म्हणाले."

मागनं कुणीतरी ओरडलं, "का बे, गप्पा मारायला पगार मिळतो काय?" मी घाईघाईनं पाचशे रुपये मोजून दिले, पासबुकावर शिक्का मारला आणि किल्ली तिच्याकडं सरकवली. किंमत शून्य रुपये. देणारा जमा, घेणारा नावे, घेणाराची कबुली सोबत. ही नोंद कोणत्या वहीत करायची, ते बी.कॉम.ला शिकवलेलं नाही, म्हणून इथं करून ठेवली.